प्रॉम्प्टकाका

प्रॉम्प्टकाकांना चित्र दाखवू नये. देवाचं असेल तर ते हात जोडतात, बाकी कुठलंही चित्र पुढे आलं, की आधी कागद उलटा करून मागे काही आहे का ते बघतात आणि मग म्हणतात, “बरं. आता चालवून दाखव.”

गंगापूर रोडला फ्लॅट बघायला गेले होते, तेव्हा बिल्डरच्या माणसाने मोठ्या टीव्हीवर फिल्म लावली. अजून पायाही न खणलेली इमारत, तिच्या गच्चीवर योगासनं करणारी गोरीपान कुटुंबं, खाली गोदावरी, आणि तिच्यात एकही पाणवेल नाही. काका मधेच उठले, सँपल फ्लॅटच्या बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला. कोरडा. गीझरचं बटण दाबलं. दिवा लागेना. बाहेर येऊन म्हणाले, “डेमोला पाणी नाही, ते पझेशनला कुठून आणणार?” आणि सातपूर कॉलनीतल्या जुन्या घरी परत गेले. त्या घरात काय काय चालत नाही हे त्यांना पाठ आहे, आणि त्यांच्या मते घर चांगलं असण्याची खूण तीच.

काकूंच्या सांगण्याप्रमाणे हा रोग जुना आहे. काका त्यांना बघायला आले तेव्हा भिंतीवर काचेत मढवलेला भरतकामाचा मोर होता आणि ‘आमच्या मुलीनेच केलाय’ हे रिवाजाप्रमाणे काकूंच्या वडिलांनी सांगितलं. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि सुई-दोरा मागवला. काकूंनी तो आणला, काकांच्याच हातात दिला आणि म्हणाल्या, “माझा तर झालाय. तुमचं बघू.” लग्न तिथेच ठरलं.

असा एकजण महाराष्ट्रातल्या जरा बऱ्यापैकी प्रत्येक गावात आहे. वय साठीच्या पुढे, खिशाला दोन पेनं, किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह. गावातली एखादी पतसंस्था, एखादा साखर कारखाना किंवा बाजार समितीतले दोन-चार व्यापारी त्याने नव्वदीत लिहिलेल्या फॉक्सप्रोच्या प्रोग्रामवर अजून तग धरून असतात आणि त्याच्याशिवाय तिथला ३१ मार्च उलटत नाही. नवी पोरं तेच काम वेबवर, मोबाइलवर करायला घेतात, तेव्हा ‘जुन्या सिस्टिमचं जरा समजून घेऊ’ म्हणून त्याला बोलावलं जातं. तो समजावून सांगायला येतो आणि मग जातच नाही. आमच्या कॉलेज रोडच्या ऑफिसात हे पद प्रॉम्प्टकाकांकडे आहे. आम्ही कांदा-टोमॅटोच्या व्यापाऱ्यांची आणि द्राक्षाच्या पॅकहाउसची सॉफ्टवेअरं करतो. मी सपोर्टला असतो, म्हणजे शिव्या खायला.

काकांची जडणघडण सातपूरच्या एका कारखान्यातल्या ईडीपी खात्यात झाली. ईडीपी म्हणजे संगणकाचं खातं, कारखान्यातली एकमेव थंड खोली. चपला बाहेर काढून आत जायचं. तिथे कोबोल होतं. आज कोडिंग शीटवर लिहायचं, उद्या कुणीतरी ते भरायचं आणि परवा निरोप यायचा, की अमक्या ओळीच्या शेवटी टिंब राहिलंय. कोबोलमध्ये वाक्य टिंबाने संपतं आणि ते राहिलं, की सगळं मुसळ केरात. काकांच्या तारुण्यातली बरीच वर्षं अशी टिंबं शोधण्यात गेली. मग कारखान्यात पीसी आला आणि त्यावर डीबेस थ्री प्लस. ते सुरू करून मेन्यूतून बाहेर पडलं, की पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात नुसतं एक टिंब आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी रेघ. डॉट प्रॉम्प्ट. काकांनी भीत भीत प्रश्नचिन्ह टाइप केलं, पुढे २ + २ लिहिलं आणि एंटर मारलं. खालच्या ओळीत ४.

“मी विचारलं आणि ते बोललं,” हे सांगताना काकांचा आवाज अजून बदलतो.

‘यूज पगार’ म्हटलं, की पगाराची फाइल उघडायची. ‘लिस्ट’ म्हणून पुढे ‘फॉर’ची अट घातली, की तेवढीच माणसं पडद्यावर रांगेत हजर. ‘ब्राउज’ म्हटलं, की अख्खा तक्ता समोर. हवं ते खोडा, हवं ते लिहा. आणि स्क्रीन लावायची तर ‘ॲट ५, १० से’ म्हणून पुढे अवतरणात ‘नाव’ लिहायचं, की पाचव्या ओळीत दहाव्या घरावर ते तिथल्या तिथे उमटायचं. पडदा २५ ओळींचा, ८० घरांचा. काका साहेबांना शेजारी खुर्ची देत. साहेब म्हणत, “जरा डावीकडे,” की काका १० चं ८ करत. साहेब म्हणत, “नको, होतं तेच बरं होतं,” की परत १०. जगात याहून चांगली डिझाइनची पद्धत निघालेली नाही आणि तिचं नाव ‘साहेबांना खुर्ची देणे’, असं काकांचं ठाम मत. पुढे पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आलं आणि त्याच पडद्यावर मराठी उमटू लागलं, तेव्हा काकांनी ऑफिसात पेढे वाटले होते म्हणतात.

डीबेसच्या जन्माची कथा काकांना अथपासून इतिपर्यंत येते आणि ती न ऐकता त्यांच्याकडून पासवर्डसुद्धा मिळत नाही. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ नावाच्या गृहस्थाने सत्तरीच्या अखेरीला ते घरी बसून लिहिलं. कशासाठी? तर कचेरीतल्या फुटबॉलच्या पैजांत आकडेमोड करता यावी म्हणून. नाव ठेवलं व्हल्कन. विकायची वेळ आली तेव्हा त्याचं झालं डीबेस टू. डीबेस वन कधी निघालंच नाही. टू म्हटलं, की माल मुरलेला वाटतो. विकणाऱ्या कंपनीचं नाव ॲश्टन-टेट. त्यातले टेट खरे, ॲश्टन नावाचं कुणीच नव्हतं. “म्हणजे कंपनीच्या पाटीवर अर्धं चित्र,” काका सांगतात, “पण टिंबापुढे काही लिहिलंस तर उत्तर खरं यायचं.” मग त्याच वळणाचं फॉक्सप्रो आलं, ते काढणारी कंपनी १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली आणि २००७ मध्ये ‘यापुढे नवी आवृत्ती नाही’ म्हणून सांगून टाकलं. काकांनी ते मनावर घेतलेलं नाही.

पण काकांची खरी पोथी वेगळी आहे. तिचं पारायण साधारण दर महिन्याला होतं. १९७९ साल. अमेरिकेत पालो आल्टोला झेरॉक्स कंपनीचं संशोधन केंद्र. तिथे स्मॉलटॉक नावाची भाषा तयार झालेली. माउस, खिडक्या, मेन्यू, सगळं तिच्यात चाललेलं. ॲपलचा स्टीव्ह जॉब्ज ते बघायला येतो. डेमो द्यायला डॅन इंगल्स. जॉब्ज म्हणतो, हा मजकूर ओळी-ओळीने उड्या मारत वर जातो, सलग सरकला तर बरं दिसेल. इंगल्स प्रोग्राम बंद करत नाही, ‘नोंद घेतो’ म्हणत नाही. चालू प्रोग्रामच्याच पोटात शिरतो, नेमका तो भाग उघडतो, बदलतो, आणि मजकूर सलग सरकू लागतो. मिनिटभराचं काम. काका सांगतात त्यात या वेळी जॉब्जच्या हातातला चहा सांडतो. तेवढा भाग काकांचा.

आता समोरच्या टेबलाकडे बघू. तिथे आमची डिझायनर बसते. सिडकोत वाढलेली, पुण्याला डिझाइन शिकून आलेली, कानात सतत काहीतरी. काका तिला ‘चित्रकार’ म्हणतात. ती त्यांना ‘काका’च म्हणते, पण ज्या सुरात म्हणते त्यात पुष्कळ काही येतं. ती फिग्मा वापरते. फिग्मा ब्राउझरमध्येच चालतं. एका अफाट पांढऱ्या पटावर मोबाइलच्या स्क्रीन ओळीने मांडायच्या आणि या स्क्रीनवरच्या बटणापासून त्या स्क्रीनपर्यंत निळी तार ओढायची. वरचं त्रिकोणी बटण दाबलं, की प्रोटोटाइप तयार: बोट लावलं, की पान बदलतं, यादी खालून वर येते, हिरवी टिकमार्क डोलते. मागे प्रोग्राम म्हणून काडी नाही. ही गोष्ट काकांना पहिल्यांदा कळली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “मला लॉगिन दे.”

फिग्मात एकाच पटावर सगळ्यांचे बाण फिरताना दिसतात, प्रत्येकाच्या शेपटीला नाव. काकांचा बाण बराच वेळ एका कोपऱ्यात उभा होता. ते टिंब शोधत होते. शेवटी कुठूनतरी अक्षरं लिहिण्याची सोय सापडली. त्यांनी प्रश्नचिन्ह टाइप केलं, पुढे २ + २ लिहिलं आणि वाट बघितली. चहा आला, चहा संपला. “मठ्ठ आहे,” म्हणाले आणि उठले. ते ‘? २ + २’ चित्रात तसंच राहिलं.

या फिग्माच्याच कंपनीला ॲडोबीने सप्टेंबर २०२२ मध्ये २० अब्ज डॉलर देऊ केले होते. युरोप-ब्रिटनच्या नियामकांनी खोडा घातला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सौदा फिसकटला. ॲडोबीला १ अब्ज डॉलर वरून मोजावे लागले. चित्रकाराने हा आकडा काकांच्या तोंडावर फेकला, तर म्हणाले, “तो सौदा पण फिग्मातच केला असणार. बटण दाबलं, पण तार जोडायची राहिली.”

पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्यांकडे काकांचं फॉक्सप्रो वीसेक वर्षं चालू होतं. धाकट्या शेठना सगळं मोबाइलवर हवं झालं, म्हणून चित्रकाराचा प्रोटोटाइप घेऊन आम्ही तिघं कंपनीच्या गाडीतून गेलो. खळ्यावर उन्हाळी कांद्याचा ढीग, एका बाजूला बायका गोल्टी आणि खाद अशा हलक्या प्रती निवडतायत, आणि पत्र्याच्या ऑफिसात दिवाणजी, शेठ आणि पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबासाठी, थांबलेले शेतकरी. चित्रकाराने टॅब पुढे केला. पहिल्या दोन स्क्रीनला शेठ खुलले. हिरवा रंग छान होता, ट्रॅक्टरचं चित्र गोड होतं. तिसऱ्या स्क्रीनवर दिवाणजींनी टॅब हातात घेतला आणि शेतकऱ्याच्या नावाच्या चौकोनात बोट लावलं. नाव आपोआप आलं: रमेश पाटील. वजनाला बोट लावलं: २५ क्विंटल. भावाला बोट लावलं: २,०००. एकूण ५०,०००.

“मला दहा क्विंटल टाकायचेत,” दिवाणजी म्हणाले आणि परत बोट लावलं. हिरवी टिकमार्क डोलली. रमेश पाटील, ५०,०००.

त्यांनी भलतीकडेच बोट लावून बघितलं. प्रोटोटाइपमध्ये नको तिथे दाबलं, की दाबायच्या जागा क्षणभर निळ्या चमकतात. “हे काय लुकलुकतंय? व्हायरस?” शेठनी विचारलं. मागून एक शेतकरी डोकावून म्हणाला, “भाऊ, काही पण टाका, पन्नास हजारच देतंय. घेऊन टाका हे सॉफ्टवेअर.”

दिवाणजींचं अजून एक म्हणणं होतं. यात हमाली-तोलाई कुठंय? आणि कोपऱ्यात हे ‘? २ + २’ कशाला?

आणि गंमत म्हणजे एवढं होऊनही शेठ खूष होते. “झालंच आहे की सगळं. सोमवारपासून चालू करून टाका. आता फक्त आतलं जोडायचं राहिलंय ना?” आतलं म्हणजे सहा महिन्यांचं काम. चित्र जितकं देखणं, तितकं काम झालेलं वाटतं, आणि हे गिऱ्हाइकाला उलगडून सांगायला माझ्यासारखा माणूस सपोर्टला ठेवतात.

परतीच्या वाटेवर ओझरपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, “तुझ्या चित्राचा दोष सांगू? ते नाही म्हणत नाही. दहा टाक, शंभर टाक, नावाच्या जागी गाव टाक, हो म्हणतं.”

चित्रकाराने कानातलं काढलं. ती वाचलेली मुलगी आहे. म्हणाली, पाम पायलट हा खिशातला संगणक बाजारात यायच्या आधी तो काढणारा जेफ हॉकिन्स लाकडाचा ठोकळा कापून खिशात घेऊन हिंडायचा. मीटिंगमध्ये तो काढायचा आणि काडीने त्यावर तारीख लिहिल्याचं नाटक करायचा. त्या ठोकळ्यात काय प्रोग्राम होता? तरी १९९६ मध्ये ते यंत्र आलं आणि धडाधड खपलं.

“ठोकळा खिशात बोचतो,” काका म्हणाले. “मोठा झाला तर खिशात जात नाही. म्हणजे तो नाही म्हणतो. तुझा रमेश पाटील बोचत नाही.”

ती म्हणाली, बरं, मग फाळके घ्या. नाशिककराने त्र्यंबकच्या फाळक्यांना वादात ओढणं म्हणजे हुकमाचं पान टाकणं. १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणल्यावर दादासाहेबांना सिनेमा काढायला पैसे हवे होते. तोंडी कुणी विश्वास ठेवीना. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, एकेक चौकट टिपत त्याचा अंकुर वाढताना दाखवणारी छोटीशी फिल्म केली आणि ती भांडवल घालणाऱ्यांना दाखवली. पैसे उभे राहिले, ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि मग फाळके आपली कंपनी घेऊन नाशकात आले. “हा प्रोटोटाइप नाही तर काय? हरिश्चंद्राच्या सिनेमात वाटाणा कुठंय?”

काका आडगाव नाक्यापर्यंत गप्प. मग म्हणाले, “वाटाणा खरा होता. पाणी घातलं नसतं तर मेला असता. त्यांनी वाटाण्याचं चित्र नाही दाखवलं, कॅमेरा चालवून दाखवला.”

माझं मत कुणी विचारलं नाही, पण सांगून ठेवतो: फाळक्यांवर दोघांचाही हक्क आहे. आणि २०१५ च्या सिंहस्थातली एक चटई काकांच्या बाजूने जमेस धरायला हवी. एमआयटीत प्राध्यापक असलेल्या आपल्या नाशिकच्याच रमेश रासकरांच्या पुढाकाराने कुंभमेळ्याच्या अडचणींवर उपाय शोधणारा कुंभथॉन भरत होता. त्यातून निलय कुलकर्णी या शाळकरी वयाच्या मुलाने साथीदारांसह ‘आशिओटो’ नावाची चटई केली. गर्दी तिच्यावरून गेली, की पावलं मोजून पुढे किती माणसं गेली ते कळायचं. ती काही पडद्यावर आखून सिद्ध होणारी नव्हती. तिच्यावरून हजारो भाविक खरोखर चालवावे लागले. काका हे उदाहरण देत नाहीत, कारण त्यांना गर्दी आवडत नाही.

पुढच्या खेपेला काकांची पाळी. त्यांनी इंगल्स व्हायचं ठरवलं होतं. निघताना चित्रकार एवढंच म्हणाली, “काका, खऱ्या डेटावर नको, कॉपी घ्या.” काका कुरकुरले, पण कॉपी घेतली. पिंपळगावला शेठना शेजारी खुर्ची दिली. फॉक्सप्रोची कमांड विंडो उघडली. शेठ म्हणाले, “भावाचा आकडा जरा मोठा दिसू द्या.” काकांनी दोन ओळी बदलल्या, आकडा मोठा झाला. शेठ म्हणाले, “आणि लाल.” लाल झाला. पत्र्याच्या ऑफिसात कुजबुज झाली. काकांच्या चेहऱ्यावर पालो आल्टोचं ऊन पडलं होतं. दारातला हमालसुद्धा बघत थांबला.

मग शेठ म्हणाले, “आजच्या गोल्टीचा भाव नऊशे करा बरं.”

‘रिप्लेस ऑल भाव विथ ९००’. पुढे ‘फॉर प्रत इज इक्वल टू गोल्टी’ लिहायचं असतं. काकांची नजर पडद्यावर नव्हती, आमच्या चित्रकाराकडे होती. एंटर. खाली ओळ आली: ३४१२ रिप्लेसमेंट्स. फॉक्सप्रो अशा वेळी विचारत नाही, सांगतं. वर्षभराचा सगळा कांदा, उन्हाळी, लाल, एक नंबर, गोल्टी, खाद, नऊशेने गेला.

शेठनी आकड्यांवर नजर फिरवली, डोळे मिटून मनात काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, “असू द्या, असू द्या. काय घाई नाही बदलायची.” पट्टीला थांबलेले दोन शेतकरी मात्र उभे राहिले. कॉपी आहे, कॉपी आहे, असं मी दोन्हीकडे तोंड करून सांगत होतो. चित्रकार काही बोलली नाही. ते काकांना जास्त लागलं.

एका अंगाने बघितलं तर हे भांडण मुळात होण्याचं कारण नव्हतं. १९८७ मध्ये ॲपलच्या बिल ॲटकिन्सनने हायपरकार्ड काढलं, त्यात कार्डावर बटण काढायचं आणि ते बटणच असायचं. १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आलं. ते तर आपल्याकडे गल्लोगल्लीच्या क्लासात शिकवलं जायचं. फॉर्मवर बटण ओढून ठेवा, त्याच्यावर दोनदा टिचकी मारा आणि त्याने काय करायचं ते तिथेच लिहा. चित्रकार आणि प्रॉम्प्टकाका एकाच खुर्चीत बसायचे. आज बटण एकीने काढायचं, त्याच्या कडा किती गोल ते दुसऱ्याने मोजायचं आणि तेच बटण पुन्हा कोडमध्ये लिहायचं. दोनदा केलेल्या एका बटणाचं बिल लावायला आम्हाला आवडतं, त्यामुळे मी याविरुद्ध फार बोलत नाही.

नऊशेच्या प्रकरणानंतर चित्रकार एकटीच पिंपळगावला जाऊ लागली. टॅब नाही, लॅपटॉप नाही. दिवाणजींच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसायची. आणि तिला एक गोष्ट दिसली. काकांच्या स्क्रीनवर सगळ्यांत वर शेतकऱ्याचं नाव. ते भरल्याशिवाय खाली सरकता येत नाही. पण लिलावातून काट्यावर येतो तो ट्रॅक्टर. त्याचा नंबर आणि वजन आधी कळतं, कुणाच्या नावावर पट्टी काढायची ते शेतकरी टपरीवरून चहा पिऊन आल्यावर. मग दिवाणजी काय करायचे? नावाच्या जागी टिंब टाकायचे, एंटर मारायचे आणि नाव सवड मिळाली तर मागाहून घालायचे. सवड नेहमी मिळायचीच असं नाही.

ऑफिसात येऊन तिने काकांना डेटा उघडायला सांगितला. काकांनी ‘लिस्ट फॉर’ म्हणून अट घातली. पडद्यावरून टिंबं वाहू लागली. टिंब, दहा क्विंटल. टिंब, बत्तीस क्विंटल. पिंपळगावात वीस वर्षं सर्वांत जास्त कांदा पिकवणारा शेतकरी टिंब होता.

“मला कधी बोलले नाहीत,” काका म्हणाले.

“तुम्ही खुर्ची शेठना दिली होती,” ती म्हणाली.

त्या दिवशी काका लवकर घरी गेले. दुसऱ्या दिवशी येताना तिच्यासाठी सातपूरची जिलबी घेऊन आले आणि म्हणाले, “चल, मलाही त्या स्टुलावर बसू दे.” तिने गाडीचा नंबर वर, वजन खाली, नाव सगळ्यांत शेवटी असा नवा प्रोटोटाइप केला. त्यात रमेश पाटील होतेच. सवय एकदम जात नाही.

तो दाखवायला आम्ही तिघं परत गेलो, तर दिवाणजींच्या टेबलावर झेरॉक्सचा गठ्ठा. पहिल्या प्रोटोटाइपची स्क्रीन शेठनी हौसेने रंगीत छापून भिंतीवर लावली होती. दिवाणजींनी ती उतरवून झेरॉक्स काढल्या आणि पेनने भरायला सुरुवात केली. ट्रॅक्टरच्या गोड चित्रावर गाडीचा नंबर. रमेश पाटलांवर काट मारून वर खरं नाव, ५०,००० वर काट मारून खरी रक्कम. उजवीकडे पट्टीने रेघ ओढून एक नवा रकाना केलेला: ‘उचल’. शेतकऱ्याने आधी उचललेले पैसे पट्टीतून वळते करायचे असतात. हा रकाना काकांच्या फॉक्सप्रोमध्ये नव्हता आणि चित्रकाराच्या फिग्मातही.

“कधीपासून भरताय हे?” तिने विचारलं.

“शेठ म्हणाले ना, सोमवारपासून चालू,” दिवाणजी म्हणाले.

काकांनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि ‘मॉडिफाय स्ट्रक्चर’ टाइप करायला घेतलं. चित्रकाराने टॅबवर उजवीकडे एक चौकोन ओढला. मी आपला गठ्ठा चाळत होतो. कोपऱ्यात प्रत्येक पानावर ते ‘? २ + २’ छापून आलं होतं आणि दिवाणजींनी भरलेल्या एकेका पानावर त्याच्यापुढे पेनने नीट ४ लिहिलं होतं. रकाना आहे म्हणजे भरायचा.

काकांनी ते बघितलं. एक पान उचलून घडी घालून खिशात टाकायला लागले, तसं दिवाणजींनी त्यांचा हात धरला. “काका, भरलेलं नका नेऊ, हिशेबातलं आहे. कोरं न्या. आणि ताई, झेरॉक्सचे पैसे दोन रुपये पानाला लागलेत. ते तुमच्या नावावर टाकू का काकांच्या?”